समुद्र बदलला हे सांगायला पीएचडी कशाला?

वाचकाचा प्रश्न, थोडक्यात: पत्रलेखिका 25 वर्षांची आहे, सिंधुदुर्गातल्या एका मच्छीमार वाडीत वाढलेली. वडील रापण संघात आहेत (रापण म्हणजे किनाऱ्यावरून अनेकांनी मिळून ओढायचं मोठं जाळं), शिवाय त्यांची स्वतःची छोटी गिलनेटची, म्हणजे मासा ज्यात अडकतो अशा उभ्या जाळ्याची होडी आहे. आई बाजारात मासळी विकते. भाऊ रत्नागिरीकडच्या एका पर्ससीन बोटीवर, म्हणजे माशांच्या अख्ख्या थव्याला जाळ्याने वेढणाऱ्या मोठ्या बोटीवर खलाशी आहे. तिने मत्स्यविज्ञानात पदव्युत्तर पदवी घेतली, जेआरएफ ही संशोधनाची शिष्यवृत्ती मिळवली. आता पीएचडीसाठी दोन ठिकाणांहून होकार आलाय. पहिल्या ठिकाणी उपग्रहावरून मिळणारं समुद्राचं तापमान आणि हरितद्रव्य यांचा संगणकावर अभ्यास करायचा आहे, गाइड नावाजलेले आहेत. दुसऱ्या प्रकल्पात समुद्रशास्त्रज्ञ, मत्स्य-अर्थशास्त्रज्ञ आणि समाजशास्त्राच्या एक प्राध्यापिका एकत्र आल्या आहेत. विषय बदलता समुद्र आणि किनाऱ्यावरची गावं, आणि त्या गावांत तिचं गावही येतं. मित्रमैत्रिणी म्हणतात, दुसरीकडे गेलीस तर ना धड शास्त्रज्ञ होशील ना धड समाजशास्त्रज्ञ. वडील म्हणतात, "दर्या बदललो ह्या सांगूक पीएचडी कित्याक व्हयी?" शेजारी म्हणतात, सर्व्हेवाले येतात, फॉर्म भरून जातात, परत तोंड दाखवत नाहीत. तिचे प्रश्न तीन आहेत: कुठे जाऊ? भाऊ पर्ससीनवर असताना मी माझ्याच गावाचा अभ्यास प्रामाणिकपणे करू शकेन का? आणि समुद्र तापतोच आहे, तर माझ्या अभ्यासाने गावाला काय मिळणार?

प्रिय मैत्रिणी,

पत्रात तू मला ताई म्हटलंयस, म्हणून मीही 'तू'च म्हणते. उत्तरासाठी तुला ताटकळत ठेवत नाही. दुसरा प्रकल्प घे, पण काही गोष्टी लेखी ठरल्यावरच. त्या ठरत नसतील तर पहिला घे आणि मनाला खंत लावून घेऊ नकोस. असं का म्हणते ते आता सविस्तर लिहिते, कारण याच पेचात असलेली आणखीही मुलंमुली हे सदर वाचत असतील.

बाबांच्या वाक्याने तू दुखावलीस. ते वाक्य पुन्हा एकदा वाच. समुद्र बदलला हे त्यांना ठाऊक आहे आणि ते सांगायला कुणाची पदवी लागत नाही, हे त्यांचं म्हणणं अगदी खरं आहे. वारा आणि पाण्याची ओढ बघून रापण टाकायची की नाही हे ठरवणाऱ्या माणसाला बदल सगळ्यांच्या आधी कळतो. त्यांना एकट्याने सांगता येणार नाही ते पुढचं आहे. या बदलात तापलेल्या पाण्याचा वाटा किती, पर्ससीनचा आणि एलईडी दिव्यांच्या प्रकाशात केलेल्या मासेमारीचा किती, खाडीत येणाऱ्या सांडपाण्याचा किती? आणि घरात पैसा कमी येतो त्यात मासळी घटल्याचा भाग किती आणि डिझेल महागल्याचा किती? हे कुठल्याही एका शास्त्रज्ञालाही एकट्याने सांगता येत नाही. तुझी पीएचडी इथून सुरू होते.

या हिशोबाची गावाला गरज आहे, आणि ती फार व्यवहारी आहे. कोकणात मत्स्यदुष्काळ जाहीर करा ही मागणी किती वर्षं होते आहे ते तू घरात ऐकलं असशील. शेतीच्या दुष्काळाला ठरलेलं माप आहे. ते बरोबर लावलं जातं की नाही यावर भांडणं होतात, पण भांडायला निदान माप तरी आहे. मासळीच्या दुष्काळाला तसं गावोगाव रुळलेलं माप नाही. अमुक बंदरात साधारण वर्षी किती मासळी येते हेच लिहिलेलं नसेल, तर यंदा किती कमी आली हे सिद्ध कसं करणार? केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्था देशभरच्या मासळी उतरण्याच्या केंद्रांवर नमुना पद्धतीने नोंदी घेते. त्यावरून राज्याचं चित्र उभं राहतं, आणि ते मोलाचं आहे. पण एखाद्या वाडीच्या वाळूवर ओढलेल्या रापणीत किती बांगडा आला, तो वाट्यांत कसा गेला, हे त्या आकड्यांत शोधून सापडणार नाही. ते लिहिणारं कुणीतरी लागतं.

आता तुझ्याच एका वाक्याकडे येते. तू लिहिलंयस, "समुद्र तापतोय म्हणून मासळी गेली." मत्स्यविज्ञान शिकलेल्या मुलीने हे वाक्य इतक्या सहज लिहावं याची मला काळजी वाटली. समुद्र तापतोय, यात शंका नाही. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी दाखवलंय की 1901 ते 2012 या काळात पश्चिम हिंदी महासागराचं उन्हाळी तापमान सुमारे 1.2 अंशांनी वाढलं. त्याच भागात सहा दशकांत प्लवकं, म्हणजे माशांच्या खाद्याचा पाया असलेल्या सूक्ष्म वनस्पती, 20 टक्क्यांपर्यंत घटली, असंही त्यांच्या अभ्यासात आहे. भाषणांत आणि बातम्यांत हे आकडे सर्रास आपल्या किनाऱ्याला चिकटवले जातात. पण तो अभ्यास ज्या पट्ट्याचा आहे तो सोमालियाच्या बाजूचा. मालवणच्या समोरचं पाणी वेगळं वागतं. पावसाळ्यात आपल्याकडे खालचं थंड पाणी वर येतं, नद्यांचं गोडं पाणी येऊन मिळतं, उथळ भागाचं सगळं गणितच निराळं असतं. दूरचा आकडा जवळच्या गावाला लावायच्या आधी थांबावं लागतं.

केरळातल्या तारलीचं (सार्डिन माशाचं) उदाहरण तुला अभ्यासक्रमात असेल, पण ते या नजरेने पाहा. 2012 साली केरळात जवळपास 3.9 लाख टन तारली मिळाली. 2021 साली मिळाली 3,297 टन. एवढी घसरण पाहून कुणीही म्हणेल की समुद्राने घात केला. शास्त्रज्ञांनी कारणं शोधली तेव्हा एल निन्योच्या, म्हणजे प्रशांत महासागर अधूनमधून तापतो त्या काळातलं बदललेलं पाणी पुढे आलं, खाद्याची कमतरता आली, आणि अंडी घालण्याच्या वयाला न पोचलेली पिल्लं बेसुमार पकडली गेली हेही आलं. त्यानंतर तारली पुन्हा वाढली. समुद्राचं तापमान तेवढ्यात खाली गेलं नव्हतं. एकच कारण धरून बसलेल्या माणसाला ही घसरणही नीट सांगता येत नाही आणि ही वाढही.

कारण चुकलं की त्याची किंमत गावाला मोजावी लागते. सगळं खापर तापमानावर फोडलं तर कुणालाच जाब विचारता येत नाही. बेकायदा एलईडी लावणाराही सुटतो आणि नियम न पाळून घेणारी यंत्रणाही सुटते. सगळं पर्ससीनवर टाकलं, तर बंदी आली की मासळी परत येणार अशी आशा लोक धरतात, आणि आली नाही तर आंदोलन करणाऱ्या नेत्यांवरचा आणि अभ्यासकांवरचाही विश्वास उडतो. राज्य सरकारने फेब्रुवारी 2016 मध्ये पर्ससीनच्या संख्येवर, काळावर आणि क्षेत्रावर बंधनं घातली. केंद्राने नोव्हेंबर 2017 मध्ये एलईडीच्या प्रकाशातल्या मासेमारीवर बंदी आणली. समज, तू पहिल्या प्रकल्पात बसून तापमान आणि मासळीचा एक सुंदर आलेख काढलास आणि या दोन तारखा त्यात कुठेच नाहीत. आलेखातला चढउतार तू तापमानाचा म्हणशील, आणि कदाचित तो सरकारी आदेशाचा असेल. किंवा आदेश कागदावर राहिल्याचा असेल, जे फक्त बंदरावर बसून कळतं.

आणखी एक गोष्ट आहे, तिच्याकडे फार थोड्यांचं लक्ष जातं. पुण्याच्याच संस्थेच्या अभ्यासानुसार 1982 ते 2000 या काळाच्या तुलनेत 2001 ते 2019 मध्ये अरबी समुद्रातल्या चक्रीवादळांची संख्या 52 टक्क्यांनी वाढली. 2019 च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात क्यार आणि महा ही वादळं लागोपाठ आली, ऐन हंगामात. ती कोकणाच्या किनाऱ्यावर धडकली नाहीत, तरी होड्या वर ओढून ठेवाव्या लागल्या. म्हणजे समुद्र तापल्याचा फटका मासळी घटण्याआधी मासेमारीचे दिवस घटण्यातून बसलेला असू शकतो. होडीला मिळकत होते ती दिवसाच्या मासळीला पाण्यात गेलेल्या दिवसांनी गुणून. तुझ्या बाबांना विचार की गेल्या हंगामात किती दिवस वादळाच्या इशाऱ्यामुळे घरी बसावं लागलं, किती दिवस वाऱ्यामुळे, आणि किती दिवस डिझेल परवडत नाही म्हणून. हा प्रश्न साधा आहे, पण त्याचं उत्तर उपग्रहाकडे नाही आणि मासळीच्या आकड्यांतही नाही. त्यासाठी हवामानाचा माणूस, मासळीचा माणूस आणि घरखर्चाचा हिशोब समजणारा माणूस एका टेबलावर बसावे लागतात. आंतरविद्याशाखीय संशोधन या भारदस्त नावामागची गोष्ट एवढीच आहे.

उपग्रहाला मी कमी लेखत नाही, हेही लिहून ठेवते. हैदराबादची इन्कॉइस संस्था पाण्याचं तापमान आणि हरितद्रव्य पाहून कुठे मासळी मिळण्याची शक्यता आहे याच्या सूचना देते. त्यामागे उत्तम विज्ञान आहे. पण उपग्रहाला दिसतं ते समुद्राचं कातडं. ढग आले की तेही दिसत नाही. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे शास्त्रज्ञ 1997 पासून कांदोळीसमोरच्या पाण्यात पुनःपुन्हा जाऊन मोजमाप करतात, तेव्हा कुठे कळतं की पावसाळ्याच्या शेवटाकडे ऑक्सिजन जवळपास संपलेलं पाणी किनाऱ्याजवळच्या खालच्या थरात कसं येऊन बसतं. असं पाणी आलं की तळाची मासळी त्यातून पळून वर किंवा किनाऱ्याकडे सरकू शकते, आणि त्या आठवड्यात जाळी भरून येतात. आकडेवारीत ते चांगलं वर्ष दिसेल. रापणीवर उभा असलेला जुना माणूस मात्र म्हणेल, ही मासळी नेहमीसारखी नाही आली. दोघांनी एकमेकांशी बोलायला हवं.

हे बोलणं झालं नाही तर काय होतं याचा धडा कॅनडातल्या न्यूफाउंडलंडने घेतला. तिथले किनाऱ्याजवळ मासेमारी करणारे लोक 1980 च्या दशकात सांगत होते की कॉड मासा कमी होतोय, आकारानेही लहान मिळतोय. सरकारी अंदाज मोठ्या ट्रॉलरच्या पकडीवर आणि सर्वेक्षणांवर उभे होते आणि बराच काळ ते आशादायक राहिले. ट्रॉलर उरलेल्या मासळीचे थवे शोधून काढत होते, त्यामुळे त्यांची जाळी भरतच होती. 1992 साली कॉडची मासेमारी थांबवावी लागली आणि हजारो कुटुंबांचं काम एका घोषणेत गेलं. तुझ्या गाइडना कुणी विचारलं की मच्छीमारांचं ऐकून विज्ञानाला काय मिळतं, तर हे उदाहरण त्यांच्यापाशी असू दे.

पण ऐकायचं म्हणजे सगळं खरं मानायचं असंही नाही. प्रत्येक पिढी आपल्या तरुणपणीचा समुद्र हाच मूळचा समुद्र धरते आणि घट तिथून मोजते. आजोबांचा समुद्र निराळा, बाबांचा निराळा, भावाचा आणखी निराळा. शिवाय मोठी रापण लागलेला दिवस सगळ्यांना आठवतो, रिकाम्या जाळ्याचे दिवस एकमेकांत मिसळून जातात. म्हणून 'पंधरा वर्षांपूर्वी काय होतं' असं विचारू नकोस. 'फयानच्या आधी की नंतर?' असं विचार. नोव्हेंबर 2009 मधलं ते वादळ कोकणात कुणी विसरलेलं नाही, आणि त्याच्या आगेमागे माणसं इतर गोष्टी अचूक लावतात. घरातलं लग्न, होडीला इंजिन बसवलं ते वर्ष, सोसायटीचं कर्ज घेतलं ते वर्ष, या खुणा धर. मग जे ऐकलंस ते मच्छीमार सोसायटीच्या जुन्या वह्यांशी, डिझेलच्या नोंदींशी, व्यापाऱ्याच्या हिशोबाशी ताडून बघ. जुळलं नाही तर घाबरू नकोस, तिथेच अभ्यासाला काहीतरी सापडतं.

आणि आता ज्या गोष्टीबद्दल तुझ्या पत्रात एकच ओळ आहे, तिच्याबद्दल. "आई बाजारात मासळी विकते." मला वाटतं तुझ्या प्रबंधाचं सगळ्यात मोलाचं प्रकरण तिच्या विळीपाशी आहे.

तुला शिकवलं गेलंय की मासा किती लांबीचा झाला की अंडी धरतो आणि कोणत्या महिन्यात धरतो हे कळायला नमुने आणायचे, पोट फाडायचं, अंडाशयाची अवस्था नोंदवायची. तुझी आई आणि तिच्या शेजारी बसणाऱ्या बायका हेच काम रोज सकाळी करतात. गिऱ्हाईक म्हणतं, बांगडा साफ करून दे. पोट उघडलं की गाभोळी आहे की नाही हे तिला दिसतं. गाभोळी भरलेली आहे की नुसती धरू लागलीय हेही कळतं, कारण गाभोळीचं गिऱ्हाईक वेगळं असतं आणि भावही त्यावर ठरतो. बोटाएवढ्या बांगड्याला गाभोळी दिसली तर ती शेजारणीला दाखवते. कोणत्या साली गाभोळी लवकर आली, कोणत्या माशाची गाभोळी हल्ली लहानपणीच धरते, हे त्या बायकांना विचारायला कुठला फॉर्म घेऊन कोण गेलंय? पाहणीत मच्छीमार म्हटलं की होडीवरच्या पुरुषाला गाठतात. मासा लवकर वयात येणं, अंडी धरण्याचा महिना सरकणं या बदलत्या समुद्राच्या आणि अतिमासेमारीच्या ठळक खुणा आहेत, आणि त्या रोज पाण्याने धुऊन टाकल्या जातात.

एक वही घे. त्यात रकाने चारच: तारीख, मासा, पट्टीवर मोजलेली लांबी, गाभोळी आहे किंवा नाही. आठवड्यातून दोन ठरलेले दिवस, दोन-तीन बाजारांत, लिहू इच्छिणाऱ्या बायकांना मानधन देऊन. गोड बोलून फुकट करून घेऊ नकोस, त्यांची सकाळ ही त्यांची कमाई असते. त्यांची नोंद बरोबर आहे का हे तपासायला तू स्वतः काही मासे विकत घेऊन प्रयोगशाळेत नेऊन बघ. खाडीत कालवं आणि तिसऱ्या काढणाऱ्या बायकांनाही असंच धर. पाणी, गाळ आणि गोडेपणा यांतला फरक त्यांच्या पायांना कळतो, आणि त्यांची कमाई सहसा कुठल्याच आकड्यात येत नाही. मच्छीमारांनी आपल्या नोंदी आपण ठेवायचा प्रयोग आपल्या देशात नवा नाही. लक्षद्वीपमध्ये दक्षिण फाउंडेशनच्या सोबतीने ट्यूना पकडणाऱ्यांनी आपल्याच पकडीच्या वह्या भरल्या आहेत.

भावाबद्दल तू फार अपराधीपणाने लिहिलंयस. तो पर्ससीनचा मालक नाही, त्या बोटीवरचा मजूर आहे. घरात एकाच वेळी रापण, गिलनेट आणि पर्ससीनचा पगार असणं हे तुझ्या एकटीच्या घरचं गुपितही नाही, कोकणातल्या कितीतरी घरांची ती वस्तुस्थिती आहे. 'पारंपरिक विरुद्ध पर्ससीन' हे आंदोलनाच्या बॅनरवर ठीक आहे, ती लढाई खरीही आहे आणि माझी सहानुभूती छोट्या होडीवाल्यांकडे आहे. पण अभ्यासाला त्या रेषेच्या दोन्ही बाजूंची माणसं लागतात. तुझ्या भावाला बोटीवर काय दिसतं, थवा कसा शोधतात, मालकाच्या डोक्यावर किती कर्ज आहे, वाटा कसा ठरतो, हे बाहेरच्या संशोधकाला सहज कळणार नाही. रत्नागिरीच्या बोटींवर नेपाळहून आलेले खलाशीही असतात. किनाऱ्यावरचा समाज म्हणताना त्यांना आपण धरतो का, हा प्रश्नही कुणीतरी विचारायला हवा.

तटस्थ राहता येईल का, असं तू विचारतेस. पूर्ण तटस्थ कुणीच नसतं, पहिल्या प्रकल्पातला उपग्रहवालाही नसतो. त्याने कोणता चौकोन अभ्यासाला घ्यायचा हे ठरवलं, तिथेच निवड झाली. तुझ्याकडून अपेक्षा एवढीच की भाऊ कुठे आहे, बाबा कुठे आहेत हे प्रबंधाच्या सुरुवातीला स्वच्छ लिहायचं. स्वतःच्या वाडीतल्या मुलाखती दुसऱ्या सहकाऱ्याने घ्यायच्या आणि तू दुसऱ्या तालुक्यातल्या घ्यायच्या. घरच्या वादात ऐकलेलं कुणाचंही बोलणं परवानगीशिवाय वहीत उतरवायचं नाही. हे शेवटचं सगळ्यात जड जाईल, कारण चांगली माहिती जेवतानाच मिळते. भावाच्या नोकरीवर गदा येईल असं काहीही त्याच्या तोंडून छापू नकोस, त्यासाठी प्रबंधातलं एखादं पान कमी झालं तरी चालेल.

आता लेखी काय ठरवायचं ते. पहिली गोष्ट, पदवी कोणत्या विषयात नोंदली जाणार? तुझे मित्र घाबरवतात ते सगळंच खोटं नाही. शिक्षकाच्या आणि शास्त्रज्ञाच्या जागांच्या जाहिरातीत विषयाचं नाव पाहतात. तुझी पदवी मत्स्यविज्ञानातच नोंदवून घे, मुख्य गाइड त्याच विषयाचे असू देत, आणि समाजशास्त्राच्या प्राध्यापिका सहगाइड म्हणून कागदावर येऊ देत. नुसत्या 'आहोत ना आम्ही' यावर जाऊ नकोस. तीन गाइड म्हणजे तीन मतं, आणि शेवटच्या वर्षी विद्यार्थी मधल्या मध्ये अडकतो. प्रबंधाचा मसुदा कोण आधी वाचणार आणि मतभेद झाला तर शेवटचा शब्द कुणाचा, हे पहिल्याच बैठकीत विचार. उद्धटपणा वाटला तरी विचार.

दुसरी गोष्ट, एका कामावर तुझी पक्की मांड हवी. सगळ्या शास्त्रांतलं थोडंथोडं येणारी व्यक्ती कुणालाच नको असते, गावालाही नको. माशांच्या प्रजननाचा भाग तुझा असू दे, तो कुठल्याही मत्स्यशास्त्रज्ञापुढे ताठ मानेने मांडता येईल इतका चोख कर. बाकीच्यांचं काम तुला करता आलं नाही तरी चालेल. त्यांना योग्य प्रश्न विचारता आला आणि त्यांचं उत्तर कुठे लंगडं आहे हे कळलं की झालं. उपग्रहाची माहिती वाचायला मात्र शीक. पहिल्या गाइडना नकार देताना नम्रपणे विचार, त्यांच्याकडे काही आठवडे येऊन शिकता येईल का.

तिसरी गोष्ट माहितीची. याबाबत मी कडक आहे. बाबा ज्या खडपाजवळ जाळी टाकतात ती जागा त्यांनी डोंगर, देऊळ, दीपस्तंभ यांच्या खुणा जुळवून पिढ्यान्पिढ्या धरलेली असते. ती तू जीपीएसने मोजून नकाशात छापलीस, तर दुसऱ्या दिवशी तिथे मोठ्या बोटी उभ्या राहू शकतात. संशोधनाची माहिती खुली असावी हे तत्त्व मला मान्य आहे, पण त्या जागा त्यात येत नाहीत. अचूक स्थानं प्रसिद्ध होणार नाहीत, नकाशे ढोबळ राहतील, वह्यांची एक प्रत गावाच्या सोसायटीकडे राहील, संमतीचा कागद मराठीत असेल आणि वाचून दाखवला जाईल, हे प्रकल्पाच्या कागदपत्रांत हवं.

आणि चौथी, शेजाऱ्यांच्या तक्रारीवरची. परत तोंड दाखवायला पैसे आणि वेळ दोन्ही लागतात, म्हणून ते अंदाजपत्रकात हवेत. प्रबंध जमा करण्याच्या आधी गावात बैठक, झाल्यानंतर नाही. आधी दाखवलं तर लोक चुका सांगतात आणि त्या सुधारता येतात. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते, माणसं जाळी विणत घरी असतात, तेव्हा ही बैठक ठेव. मोठ्या मुलाखतीही तेव्हाच घे. नारळी पौर्णिमेनंतर कुणाला गाठायला गेलीस तर 'मगे बघूया' ऐकून परत येशील. बायकांना सकाळी बाजारात अडवू नकोस, दुपारनंतर घरी जा.

तिसऱ्या प्रश्नावर, म्हणजे गावाला काय मिळणार यावर, मी तुला खोटी आशा देणार नाही. तुझ्या प्रबंधाने पाणी थंड होणार नाही. पण वाडीकडे स्वतःची दोन-तीन बाजारांची, तीन हंगामांची वही असेल तर मत्स्य विभागाच्या अधिकाऱ्यासमोर बसताना सोसायटीच्या हातात कागद असेल. कोणत्या माशासाठी कोणत्या महिन्यात जाळं आवरतं घ्यावं, हे गावाला आपसांत ठरवता येईल. किती दिवस वादळाच्या इशाऱ्यात गेले हे लिहिलेलं असेल, तर त्या दिवसांची भरपाई मागता येईल. हे मिळेलच असं नाही. वही नसेल तर मात्र मागणंच अवघड.

ज्यांचा पेच तुझ्यासारखा आहे पण हातात असा प्रकल्प नाही, त्यांच्यासाठी दोन शब्द. एकाच विषयाच्या पीएचडीत असलात तरी दुसऱ्या शास्त्राचा एक सल्लागार मागून घेता येतो, बहुतेक गाइड नाही म्हणत नाहीत. मुंबईच्या आयआयटीत हवामान अभ्यासाचं केंद्र आहे, तिथे वेगवेगळ्या शाखांमधून विद्यार्थी येतात, त्याची माहिती काढा. आणि तुम्ही समाजशास्त्र किंवा अर्थशास्त्राकडून येत असाल, तर उधाण आणि भांग या मोठ्या आणि लहान भरतीतला फरक, डोल आणि रापण या जाळ्यांतला फरक शिकल्याशिवाय मुलाखती सुरू करू नका. समोरचा तांडेल, म्हणजे होडीचा प्रमुख, पहिल्या दोन वाक्यांत ओळखतो की याला काही कळत नाही, आणि पुढे सोपी सोपी उत्तरं देतो.

तुला उत्तर द्यायला महिनाभर आहे असं लिहिलंयस. पुढचे दोन रविवार आईबरोबर बाजारात बस आणि ती चार रकान्यांची वही भरून बघ. मग दुसऱ्या प्रकल्पाच्या तिन्ही गाइडना एकच मेल पाठव, वर लिहिलेल्या चार गोष्टी त्यात घाल आणि वहीच्या पानांचा फोटो जोड. ते काय उत्तर देतात, आणि तिघं एकत्र देतात की वेगवेगळं, यावरून तुला पुष्कळ कळेल. उत्तर आलं की मला कळव. आणि बाबांना विचार, त्यांच्या मते रापणीत बांगडा कमी कधीपासून झाला, फयानच्या आधी की नंतर.